केमोकाइन एचआयव्हीला अडवतात की बोलावतात?

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकरोडची एमएस्सी मायक्रोबायोलॉजीची मुलगी आहे, सेमिनारचा विषय एचआयव्ही संसर्गात केमोकाइन आणि त्यांच्या रिसेप्टरचं नियमन, आणि तिचा गोंधळ असा की एका पुस्तकात लिहिलंय रँटेस नावाचं केमोकाइन एचआयव्हीला अडवतं, दुसरीकडे लिहिलंय की पेशंटमध्ये केमोकाइन वाढलेले असले की आजार जोरात पुढे जातो, मग हे चांगले की वाईट? आणि वर तिच्या गाइडनी वीस-बावीस पेशंटच्या सिरममधलं रँटेस मोजून दिलंय, त्यात सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या टी पेशी, कमी असलेल्यांचं रँटेस पण कमी दिसतंय, तर त्याचा अर्थ काय लावायचा.

तुझ्या वयाची मुलगी आहे मला घरी, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी डॉक्टर, गेली चोवीस-पंचवीस वर्षं एचआयव्हीचेच पेशंट बघतेय, आधी मुंबईत रेसिडेन्सी आणि थोडं लॅबचं काम, मग इथे. सरळ उत्तर असं की तुझी दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, फक्त दोघंही जागा सांगायची विसरलेत. केमोकाइन कुठे सुटलंय, कुठल्या पेशीजवळ सुटलंय आणि विषाणू तिथे आधी पोचलाय की नंतर येणारे, यावर सगळं ठरतं. नुसतं रक्तातला आकडा बघून चांगलं-वाईट ठरवायला गेलीस की फसलीस.

आधी केमोकाइन म्हणजे काय ते आपल्या भाषेत. लासलगावला सकाळी कांद्याचा भाव फुटला आणि तो पिंपळगावपेक्षा चढा निघाला की रस्त्यातल्या पिकअप आणि ट्रॅक्टर तिकडे वळतात ना, तसंच हे. केमोकाइन म्हणजे तो भाव, छोटंसं प्रोटीन, ८ ते १० किलोडाल्टनचं, माणसात साधारण ५० प्रकारचं. जिथे ते जास्त दाट तिकडे पेशी सरकते. आणि ड्रायव्हरच्या हातातला मोबाईल म्हणजे रिसेप्टर, ज्यावर तो भाव कळतो, हे रिसेप्टर वीसेक आहेत, पेशीच्या भिंतीतून सात वेळा आतबाहेर शिवलेलं प्रोटीन, जी-प्रोटीनला जोडलेलं. आता एचआयव्हीला कांद्याच्या भावाशी काही देणंघेणं नाही. त्याला तो मोबाईल धरून गाडीत चढायचंय, बस.

हे कळायला फार वेळ लागला बरं का. सीडी४ हा एचआयव्हीचा रिसेप्टर आहे हे १९८४ लाच माहीत होतं, पण उंदराच्या पेशीवर माणसाचं सीडी४ बसवलं तरी विषाणू आत जाईना, म्हणजे अजून काहीतरी लागतंय हे दिसत होतं आणि ते काय हे कोणाला सापडेना. मग डिसेंबर १९९५ मध्ये गॅलो आणि लुस्सो या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं की सीडी८ पेशी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या टी पेशी, जे काहीतरी सोडून विषाणूला दाबतात त्यात रँटेस, एमआयपी-१ अल्फा आणि एमआयपी-१ बीटा हे तीन केमोकाइन आहेत. मे १९९६ मध्ये बर्गरच्या लॅबने सीएक्ससीआर४ शोधलं, तेव्हा त्याला फ्युजिन म्हणायचे, आणि पुढच्याच महिन्यात एकदम पाच गटांनी सीसीआर५ जाहीर केलं. दोन्ही केमोकाइनचेच रिसेप्टर, आत शिरायला विषाणूला सीडी४ च्या जोडीला यातला एक लागतो, आणि रँटेस व दोन्ही एमआयपी-१ बसतात ते सीसीआर५ वर. त्याच वर्षी डेल्टा ३२, म्हणजे सीसीआर५ च्या जीनमधला बिघाड, पण सापडलं. मी तेव्हा एमबीबीएसला होते, आमच्या पुस्तकात यातलं अक्षर नव्हतं, परीक्षेला सीडी४ लिहिलं की मार्क मिळायचे.

आता अडवणं नेमकं कसं होतं ते नीट समजून घे कारण व्हायव्हाला हाच प्रश्न येतो. विषाणूच्या अंगावरचं जीपी१२० हे प्रोटीन आधी सीडी४ ला चिकटतं, त्यामुळे त्याचा आकार बदलतो, आतला भाग उघडा पडतो, त्यातला व्ही३ लूप सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ ला टेकतो, मग विषाणूचंच दुसरं प्रोटीन जीपी४१ पेशीत भाल्यासारखं घुसतं आणि दोन्ही पडदे एक होतात. रँटेस आधीच सीसीआर५ वर बसलेलं असेल तर जीपी१२० ला जागा नाही, हे झालं साधं अडवणं. पण खरी गंमत दुसरीच आहे. रँटेस बसलं की रिसेप्टर सिग्नल देतो, त्याच्या शेपटाला फॉस्फेट लागतात, बीटा-अरेस्टिन नावाचं पेशीतलं प्रोटीन येऊन चिकटतं आणि अख्खा रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. म्हणजे भाव कळला की ड्रायव्हर मोबाईल खिशात टाकतो. विषाणू दारात आला तर पकडायला काही नाहीच. थोड्या वेळाने रिसेप्टर परत वर येतो, हे पण लक्षात ठेव, सीसीआर५ वाया जात नाही, रिसायकल होतो. म्हणूनच एओपी-रँटेस नावाचं बदललेलं रँटेस बनवलं गेलं जे रिसेप्टरला आतच अडकवून ठेवतं, वर येऊच देत नाही, आणि ते साध्या रँटेसपेक्षा कितीतरी जोरदार निघालं. त्याचंच भावंड पीएससी-रँटेस माकडिणींच्या योनीमार्गात लावून संसर्ग रोखून दाखवला गेला २००४ मध्ये. औषध म्हणून बाजारात काही आलं नाही ते सोड.

आणि उलटं पण होतं. रँटेस फार दाट झालं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि असे गोळे असले की लॅबमध्ये संसर्ग कमी न होता वाढतो. म्हणजे तोच रेणू, फक्त प्रमाण वेगळं.

सीसीआर५ किती आणि कुठे, हा नियमनाचा खरा मुद्दा आहे आणि तुझ्या सेमिनारचा निम्मा वेळ इथेच जाऊ दे. रक्तातल्या सीडी४ पेशींपैकी सीसीआर५ वाल्या थोड्याच असतात, त्या पण मेमरी पेशी, म्हणजे एकदा लढून आलेल्या. कोऱ्या, नाइव्ह पेशींवर सीसीआर५ जवळजवळ नसतं, तिथे सीएक्ससीआर४ असतं. पण आतड्याच्या अस्तरात बघितलंस तर तिथल्या बहुतेक सीडी४ पेशी मेमरी आणि सीसीआर५ वाल्या. म्हणून संसर्ग झाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत आतड्यातल्या सीडी४ पेशींचा फडशा पडतो आणि बोटातून किंवा दंडातून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट बघणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मग आतड्याची भिंत गळायला लागते, जंतूंचे तुकडे रक्तात येतात, त्याने पेशी अजून चेततात, चेतल्या की सीसीआर५ वाढतं, आणि विषाणूला अजून दारं मिळतात. एकदा हे चक्र फिरायला लागलं की स्वतःहून थांबत नाही.

सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रोटीनं, त्यांचं सांगायचं तर आयएल-२ ने टी पेशीवर सीसीआर५ वाढतं, आयएल-१० आणि इंटरफेरॉन गॅमाने मोनोसाइटवर वाढतं, आयएल-४ आणि आयएल-७ ने सीएक्ससीआर४ वाढतं. पाठ करायची तर कर, पण एक गोष्ट समजून कर. टी पेशी कशी चेतवलीय यावर पण फरक पडतो, पीएचए हे लॅबमधलं चेतवणारं रसायन आणि आयएल-२ घालून वाढवलेल्या पेशीवर सीसीआर५ भरपूर येतं, पण सीडी३ आणि सीडी२८ दोन्हीचे अँटिबॉडी लावलेल्या मण्यांनी चेतवली तर सीसीआर५ उलट खाली जातं आणि त्या पेशी आर५ विषाणूला, म्हणजे सीसीआर५ धरून शिरणाऱ्याला, दाद देत नाहीत. चेतवणं म्हणजे सीसीआर५ वाढणार असं सरसकट लिहू नकोस.

अजून एक कोपरा, मधुमेहवाल्यांना ओळखीचा. ग्लिप्टिन गोळ्या ज्या एन्झाइमला दाबतात ते डीपीपी४, तेच सीडी२६, टी पेशीवर बसलेलं असतं आणि केमोकाइनची पहिली दोन अमिनो आम्लं कातरून टाकतं. एसडीएफ-१ ला, म्हणजे सीएक्ससीआर४ वर बसणाऱ्या केमोकाइनला, कातरलं की ते निकामी होतं. रँटेसला कातरलं की ते बाकीच्या रिसेप्टरवर मंद पडतं पण सीसीआर५ वर चालतं, एचआयव्हीला अडवायला तर व्यवस्थित चालतं. म्हणजे केमोकाइन सुटलं एवढ्यावर गोष्ट संपत नाही, बाहेर पडल्यावर त्याला कोण कातरतंय ते पण नियमनच.

आता टीबी, कारण नाशिक जिल्ह्यात एचआयव्ही म्हटलं की टीबी मागोमाग आलाच. फार वर्षांपूर्वी निफाडकडचा एक ड्रायव्हर आला होता, सरकारची मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली त्याच्याही आधीची गोष्ट. छातीत एका बाजूला पाणी. मी स्वतः सुई घातली, गवती चहासारखं पिवळसर पाणी, टीबीचंच निघालं. पण सीडी४ तीनशेच्या वर! बाकीचे बरेचसे संधिसाधू आजार यायला सीडी४ दोनशेच्या खाली जावं लागतं, मग टीबी इतक्या लवकर का येतो, हे मी तेव्हा सिनियरना विचारलं तर ते म्हणाले, अगं भारतात टीबी सगळ्यांनाच असतो. त्यात थोडं तथ्य होतं पण ते उत्तर नव्हतं.

उत्तराचा एक भाग पुढे २००९-१० च्या सुमारास आला आणि तो केमोकाइनचाच आहे. सीएमव्ही विषाणूला ओळखणाऱ्या ज्या सीडी४ पेशी आपल्यात असतात त्या चेतल्या की स्वतःच भरपूर एमआयपी-१ बीटा सोडतात, ते त्यांच्याच सीसीआर५ वर जाऊन बसतं, म्हणजे घराला आतून कडी. एचआयव्ही त्यांना फारसा धरत नाही. टीबीच्या जंतूला ओळखणाऱ्या सीडी४ पेशींचं बरोब्बर उलटं, त्या आयएल-२ सोडतात, एमआयपी-१ बीटा सोडत नाहीत फारसं, त्यामुळे त्यांची दारं सताड उघडी आणि संसर्गानंतर त्या लवकर संपतात. एकूण सीडी४ चा आकडा बरा दिसत असताना टीबीशी लढणारी तुकडी आतल्या आत गारद झालेली असते. वर आणि त्या छातीतल्या पाण्यात टीबीमुळे जळजळ, तिथे जमलेल्या पेशींवर सीसीआर५ चढलेलं, त्यामुळे त्या पाण्यातला व्हायरल लोड रक्तापेक्षा जास्त सापडतो. एकाच पेशंटच्या अंगात दोन ठिकाणी दोन वेगळी नियमनं. मला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि सेमिनारला उदाहरण द्यायचं तर हेच दे, पाश्चात्त्य पुस्तकातली घासून गुळगुळीत झालेली उदाहरणं नकोत.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे, बोलावतात कसे. लॅबच्या डिशमध्ये पेशी आधीच घालून ठेवलेल्या असतात, कोणाला बोलवायची गरज नसते, तिथे एमआयपी-१ घातलं की ते फक्त दार अडवतं. पण जिवंत बाईच्या योनीमार्गात तेच सुटलं की आधी काय होतं? हाक जाते. सीसीआर५ वाल्या सीडी४ पेशी रक्तातून उठून तिथे जमतात, आणि विषाणूला नेमक्या त्याच लागतात. दक्षिण आफ्रिकेत संसर्ग रोखायच्या टेनोफोविर जेलची कॅप्रिसा ००४ ही ट्रायल झाली, त्यातल्या बायकांचे योनीमार्गातले नमुने नंतर तपासले तेव्हा ज्यांच्यात आधीपासून एमआयपी-१ अल्फा, एमआयपी-१ बीटा, आयपी-१० असे पदार्थ चढलेले होते त्यांना पुढे एचआयव्ही व्हायचं प्रमाण जास्त निघालं. बघ, १९९५ मध्ये ज्यांना विषाणू दाबणारे म्हणून डोक्यावर घेतलं त्यातलेच दोघं. माकडिणींवरच्या कामात तर पायऱ्या पण दिसल्या, विषाणू आला की अस्तरातल्या पेशी सीसीएल२० सोडतात, त्याने एक प्रकारच्या डेन्ड्रिटिक पेशी येतात, त्या बीटा-केमोकाइन, म्हणजे रँटेस आणि एमआयपी-१ यांच्या गटातले, सोडतात, मग सीडी४ पेशी येतात, आणि विषाणूला ठिणगीचा वणवा करायला लाकडं मिळतात. अंगावरून पांढरं जाणं, गुप्तरोगाचे व्रण याकडे दुर्लक्ष करू नका असं आम्ही ओपीडीत घसा फोडून सांगतो त्यामागे हे आहे. नवऱ्याला सांगता येत नाही म्हणून वर्ष-वर्ष अंगावर काढणाऱ्या बायका मी अजून बघते.

आफ्रिकेतलं सूटी मँगबी माकड याचं दुसरं टोक. त्याच्या रक्तात एसआयव्ही, म्हणजे माकडातला एचआयव्हीचा भाऊबंद, भरपूर, आणि त्याला एड्स होत नाही. त्याच्या सीडी४ पेशींवर, विशेषतः ज्या दीर्घकाळ टिकवायच्या त्या सेंट्रल मेमरी पेशींवर, सीसीआर५ फार कमी चढतं. विषाणू आहे पण महत्त्वाच्या पेशींची दारंच बंद. हजारो वर्षं एकत्र राहून निसर्गाने सीसीआर५ च्या नियमनाचा बटण फिरवला, विषाणूला मारलं नाही.

सीएक्ससीआर४ वर जास्त लिहीत नाही कारण आपल्याकडे त्याचं महत्त्व कमी. अंगात शिरणारा विषाणू जवळपास नेहमी आर५ असतो. १९९० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या सबटाइप बी च्या पेशंटमध्ये उशिरा साधारण निम्म्यांत एक्स४, म्हणजे सीएक्ससीआर४ वापरणारा, विषाणू निघायचा, व्ही३ लूपच्या ११ किंवा २५ व्या जागी धन भाराचं अमिनो आम्ल आलं की संशय घ्यायचा, आणि मग सीडी४ झपाट्याने पडायचे कारण नाइव्ह पेशी पण सापडायच्या. भारतात मुख्यतः सबटाइप सी, तो सहसा शेवटपर्यंत आर५ च राहतो. पण सीएक्ससीआर४ अडवायचं औषध का नाही हे विचारलं तर सांगता आलं पाहिजे. सीएक्ससीआर४ आणि त्याचं एसडीएफ-१ यावर अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी धरून ठेवलेल्या असतात, ज्या उंदरात हे जीन काढलं ते जन्माच्या आसपासच मेले. एएमडी३१०० नावाचं औषध एचआयव्हीसाठी करून बघत होते, तर पेशंटच्या पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या, बघतात तर मूळ पेशी मज्जेतून सुटून रक्तात येतायत. एचआयव्हीचं औषध म्हणून ते बाद झालं आणि २००८ मध्ये प्लेरिक्साफोर नावाने मूळ पेशी गोळा करायला मंजूर झालं. आता ट्रान्सप्लांटवाले वापरतात.

डेल्टा ३२ बद्दल सगळ्यांना माहीत असतं, सीसीआर५ च्या जीनमधले ३२ बेस गळालेले, प्रोटीन अर्धवट, पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. युरोपीय वंशाच्या साधारण १ टक्का लोकांत दोन्ही प्रती अशा असतात, आपल्याकडे फारच दुर्मिळ. दिंडोरीकडे द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करणारा माझा एक पेशंट व्हॉट्सअ‍ॅपचा फॉरवर्ड घेऊन आला होता, डॉक्टर, बोन मॅरो बदलला की एचआयव्ही जातो म्हणे, दोन एकर विकून करू का? त्याला बसवलं, चहा मागवला, आणि सांगितलं की एचआयव्हीतून बरा झालेला पहिला माणूस टिमोथी ब्राउन, त्याला ब्लड कॅन्सर होता म्हणून २००७ आणि २००८ मध्ये डेल्टा ३२ वाल्या दात्याकडून दोनदा ट्रान्सप्लांट करावं लागलं, त्यात तो मरता मरता वाचला, एचआयव्ही गेला हे खरं, पण २०२० मध्ये कॅन्सर परत येऊन तो गेला. तुझी गोळी रोज एक, फुकट, व्हायरल लोड सापडत नाही इतका कमी, मग जमीन कशाला विकतोस. ऐकलं बाबा त्याने, आता त्याच जमिनीत बाग लावलीय.

त्यातच दोन गोष्टी अशा आहेत ज्या लोक सांगत नाहीत. जर्मनीतल्या एसेनच्या एका पेशंटला पण डेल्टा ३२ चाच दाता मिळाला होता, पण त्याच्यात सीएक्ससीआर४ वापरणारा विषाणू उसळून आला. आणि २०२३ मध्ये जिनिव्हाचा पेशंट जाहीर झाला ज्याच्या दात्याचं सीसीआर५ अगदी नॉर्मल होतं, तरी औषध बंद करूनही विषाणू परत आला नाही. म्हणजे सीसीआर५ काढलं की झालं एवढं सोपं ते नाही, नव्या पेशींनी जुन्या पेशी मारून टाकणं हे पण मोठं काम करतं. शिवाय सीसीआर५ नसणं फुकटात पडत नाही, वेस्ट नाइल विषाणू झाला तर डेल्टा ३२ वाल्यांना त्रासाचा धोका जास्त. म्हणून २०१८ मध्ये चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञांनी गर्भाचं सीसीआर५ जीन कापलं तेव्हा सगळे तुटून पडले, त्यांना तुरुंगवास झाला. आणि सीसीएल३एल१ या केमोकाइनच्या जीनच्या प्रती जास्त असल्या की एचआयव्हीचा धोका कमी होतो हा २००५ चा गाजलेला निष्कर्ष नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही, तो तुझ्या स्लाइडवर असेल तर काढ.

मॅराव्हिरॉक हे सीसीआर५ चं एकमेव मंजूर औषध, अमेरिकेत ऑगस्ट २००७. ते रँटेससारखं रिसेप्टरला आत ओढत नाही, रिसेप्टर जागेवरच राहतो, औषध आतल्या खोबणीत बसून त्याचा आकार असा धरून ठेवतं की जीपी१२० ला तो ओळखू येत नाही. द्यायच्या आधी विषाणू आर५ च आहे ना हे तपासावं लागतं, नाहीतर थोडासा लपलेला एक्स४ वर येतो, आणि काही विषाणू तर औषध बसलेलं सीसीआर५ वापरायलाच शिकतात. डोस ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण रिफाम्पिसिन चालू असेल तर ६०० दोनदा. टीबीवाल्या देशात हे कोण करत बसणार. आपल्या सरकारी कार्यक्रमात ते नाही आणि मला त्याचं वाईट पण वाटत नाही, डोल्युटेग्रॅविरसारखी एचआयव्हीची गोळी असताना गरज कुठे पडते.

उपचार चालू झाल्यावर काय, हे कोणी विचारलं तर सांग की आयपी-१० सारखे आकडे उतरतात, पण बऱ्याच जणांत अगदी नॉर्मलला येत नाहीत. आणि लपून राहिलेल्या विषाणूच्या साठ्यात पण केमोकाइनचा हात आहे, सीसीएल१९ आणि सीसीएल२१ हे लिम्फ नोडमधले केमोकाइन झोपलेल्या सीडी४ पेशीला जागं न करता तिचा आतला सांगाडा थोडा सैल करतात आणि त्यातून विषाणू जाऊन जीनमध्ये बसतो, तिथेच गप्प राहतो. सीएक्ससीआर४ ला टेकलेलं जीपी१२० पण कोफिलिन या सांगाड्याच्या प्रोटीनला हलवून असंच करतं. मेंदूचं एका वाक्यात, तिथे एमसीपी-१ नावाचं केमोकाइन मोनोसाइटना, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, आत बोलावतं आणि एचआयव्ही डिमेन्शियात पाठीच्या पाण्यात ते वाढलेलं मिळतं.

आता तुझा डेटा. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून सांगते. रेसिडेन्सीत आम्ही पण रँटेसचा एलायझा लावला होता, किट महाग, मोजून एक प्लेट मिळालेली. लाल बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त, टेबलावर गोठू द्यायचं, ओपीडी संपली की दुपारी सेंट्रिफ्यूज. निकाल आला तर काय सुंदर ग्राफ, सीडी४ कमी तसं रँटेस कमी, सरळ रेष! आम्ही पोस्टर लिहायला घेतलं, आजार वाढला की रक्षक केमोकाइन संपतं वगैरे. मग रक्ताच्या विभागातल्या एका सरांनी ग्राफ बघून एवढंच विचारलं, यांच्या प्लेटलेट किती होत्या? रँटेसचा मोठा साठा प्लेटलेटच्या अल्फा ग्रॅन्युलमध्ये असतो. रक्त गोठलं की प्लेटलेट फुटतात आणि सगळं रँटेस सिरममध्ये सांडतं. आम्ही टी पेशींचं रँटेस मोजतच नव्हतो, प्लेटलेट मोजत होतो, त्या पण हजारो रुपयांच्या किटने, आणि एचआयव्हीत प्लेटलेट कमी होणं तर नेहमीचं. पोस्टर फाडलं. रात्री मेसमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही.

तेव्हा गाइडशी भांडू नकोस, फक्त त्या वीस-बावीस जणांचे त्याच दिवसाचे सीबीसी मिळतायत का बघ आणि सिरम रँटेस प्लेटलेटसमोर ठेवून ग्राफ काढ. रेष तिथेच लागली तर तुझं उत्तर तुला मिळालं. परत नमुने घ्यायची सोय असेल तर सिरम नको, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घे, ट्यूब लगेच बर्फात ठेव, अर्ध्या तासाच्या आत फिरव, वरचा प्लाझ्मा काढून परत एकदा जोरात फिरव म्हणजे राहिलेल्या प्लेटलेट खाली बसतील, आणि त्याच नमुन्यात पीएफ४ हे प्लेटलेटमधलंच प्रोटीन पण मोज, ते चढलेलं निघालं तर प्लेटलेट फुटल्यात असं समजून तो नमुना बाजूला टाक. सुरगाणा-पेठहून एसटीने येणारे नमुने यात धरू नकोस, स्टँडला उतरेपर्यंत त्यांचं काय झालेलं असतं ते मी बघितलंय. आणि फ्लो सायटोमेट्रीवर सीसीआर५ बघणार असशील तर ताज्या रक्तावरच बघ, रात्रभर ठेवलेल्या पेशींवर सीएक्ससीआर४ आपोआप चढतं आणि गोठवून वितळवलेल्या पेशींवर सीसीआर५ उतरतं. सीबीसी मिळाले की इथेच टाक, ग्राफ मी बघते.